३५ सेकंद उशिरा

“गुडघे सरळच होते टीचर.”

मी पणजीला मुलांना डायव्हिंग शिकवते. फोंड्याहून येणारी एक मुलगी आहे आमच्याकडे, तेरा वर्षांची, शाळा सुटली की कदंबाची बस पकडून पणजीला येते आणि तीन मीटरच्या बोर्डावरून १०३ बी मारते, म्हणजे पुढच्या बाजूने दीड कोलांटी, पाइकमध्ये. पाइकमध्ये कंबरेत घडी घालायची पण पाय गुडघ्यात ताणलेले ठेवायचे. हिचे वाकायचे, दर वेळी, आणि मी दर वेळी सांगायचे की बाय, गुडघे. आणि ती पाण्यातून डोकं वर काढून, केस मागे सारून, अगदी मनापासून सांगायची की सरळच होते टीचर. दोन महिने हेच चाललं होतं. शेवटी शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, कारण तिला वाटत होतं मी तिचं काही ऐकूनच घेत नाही, आणि मला वाटत होतं ही माझं ऐकत नाही.

ती खोटं बोलत नव्हती हे मला खूप उशिरा कळलं. तीन मीटरवरून उडी मारली की हवेत सव्वा ते दीड सेकंद मिळतो, तेवढ्यात उलटं व्हायचं, घडी घालायची, पाणी कुठाय ते शोधायचं, उघडायचं, हात जुळवायचे. तिचं सगळं लक्ष पाणी शोधण्यात जायचं. गुडघ्यांकडून मेंदूला जी काही खबर जात होती ती ‘सरळ’ अशीच जात होती, कारण तिला तेवढं वाकणंच सरळ वाटायचं, सवयच झाली होती तशी. आता शरीर एक सांगतंय आणि टीचर दुसरंच सांगतेय, तर मूल विश्वास कोणावर ठेवणार? शरीरावरच ठेवणार ना.

मोबाइलवर शूट करून दाखवायचा प्रकार मी आधी करून बघितला होता. तो ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे. उडी मारली, मूल बाहेर आलं, मी गॅलरी उघडतेय, ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, बाकीची पाच जणं भोवती गोळा, तोवर बोर्ड रिकामा, पावसाळ्यात तर पोरं कुडकुडायला लागतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती उडी मी स्वतः धड बघितलेलीच नसते कारण मी मोबाइलच्या चौकटीत तिला पकडायच्या नादात असते. एका संध्याकाळी जेमतेम निम्म्या उड्या व्हायच्या. आठवडाभरात सोडून दिलं.

मग चवथ आली, म्हणजे गणेशचतुर्थी. बहिणीकडे गेले होते, भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो तो घरी होता, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली होती आणि आम्ही खाली बसून नेवऱ्या (करंज्या) भरत होतो. मी त्याला हे सगळं सांगत होते, नुसतं मन मोकळं करत होते म्हणा. तो म्हणाला, मावशी तू रेकॉर्ड कशाला करतेस, कॅमेरा चालूच ठेव आणि स्क्रीनवर उशिरा दाखव. मला कळेना. म्हटलं उशिरा म्हणजे? तर म्हणाला, समज आत्ता घडलं ते स्क्रीनवर अर्ध्या मिनिटाने दिसेल, कोणी बटण दाबायचं नाही, काही शोधायचं नाही, ती पोहत बाहेर आली, स्क्रीनसमोर उभी राहिली की तिला तीच उडी मारताना दिसेल.

मला ते पटकन समजलं ते रहाटगाडग्यामुळे. लहानपणी डिचोलीला आजोळी गोष्टींत ऐकलेलं, चाकाला लावलेली गाडगी विहिरीतून पाणी भरून घेऊन वर येतात, वर ओतून रिकामी होतात आणि परत खाली जातात. संगणकाची मेमरी तशीच फिरते, कॅमेऱ्यातलं एकेक चित्र एकेका गाडग्यात भरतं, फेरी पूर्ण करून वर आलं की स्क्रीनवर ओतलं जातं, आणि ते गाडगं लगेच नव्या चित्राने भरतं. चाक किती मोठं तेवढा उशीर. यात कुठेही काही साठून राहत नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा, त्यावर पुढे येते.

यासाठी विंडोज लॅपटॉपवर किनोव्हिया नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे, त्यात कॅमेरा जोडला की किती सेकंद उशिरा दाखवायचं ते ठरवता येतं. आयपॅडवर बॅम व्हिडिओ डिले म्हणून अॅप आहे. आम्ही भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी चित्र अडकायला लागलं, पाच सेकंद चालायचं की थांबायचं. कारण नंतर त्यानेच कागदावर मांडून दाखवलं. १२८० बाय ७२० चं एक चित्र, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे एका चित्राला साधारण २७ लाख बाइट, सेकंदाला अशी ३० चित्रं म्हणजे ८३ एमबी, आणि ३५ सेकंदांचे झाले जवळजवळ ३ जीबी. लॅपटॉपची सगळी रॅमच ४ जीबी. चित्रं दाबून, जेपेगसारखी लहान करून ठेवली की प्रश्न सुटतो, तसं त्याने केलं आणि मग काही त्रास झाला नाही. नवीन कोणी करणार असाल तर हे आधी तपासा, नाहीतर पहिल्याच दिवशी मुलांचा उत्साह जातो.

आता हे ३५ सेकंद कुठून आले. सुरुवातीला मी १० सेकंद ठेवले होते, मला वाटलं जितकं लवकर तितकं चांगलं. १० सेकंदांत मूल पाण्यातच असतं. उडी स्क्रीनवर होऊन जायची आणि ते शिडीवर असायचं, तिथूनच मान वळवून बघायला जायचं, एक मुलगा तर त्या घाईत ओल्या पायरीवरून घसरला, नडगीला खरचटलं. मग मी एक दिवस नुसती स्टॉपवॉच घेऊन बसले. पाण्याखालून वर यायला चार-पाच सेकंद, शिडीपर्यंत पोहायला आठ-दहा, वर चढायचं, शॅमीने (पाणी शोषणारा छोटा टॉवेल) तोंड आणि हात पुसायचे, चालत यायचं (धावायचं नाही, पूलच्या काठावर कोणीच धावायचं नाही). लहान मुलांना ३० लागायचे, मोठ्यांना २५. मी ३५ केले. म्हणजे मूल स्क्रीनसमोर येऊन उभं राहतं आणि अजून पाच-दहा सेकंद काहीच होत नाही, स्क्रीनवर ते अजून बोर्डावरच उभं असतं, हात खाली, श्वास घेतंय.

हे रिकामे पाच-दहा सेकंद मी चुकून ठेवले होते, पण आता मला कोणी विचारलं की या सगळ्या खटाटोपात कामाचं काय, तर मी म्हणेन ते रिकामे सेकंद. कॅमेऱ्याचा नंबर त्यानंतर.

पहिले काही आठवडे मी ते बोलून भरून टाकायचे. मूल आलं की सुरू, हात उशिरा गेले, मान खाली होती, आता बघ हं तुला दिसेल. मग मूल काय बघणार, मी सांगितलं तेच बघणार. एके दिवशी घसा बसला होता, पावसात भिजून ताप येऊन गेलेला, आवाजच निघत नव्हता, म्हणून गप्प उभी होते. फोंड्याची मुलगी येऊन शेजारी उभी राहिली, स्क्रीनवर ती अजून बोर्डावर होती, आणि ती आपणहून म्हणाली, या वेळी मी जरा पुढे कलले का टीचर? मी नुसती मान हलवून बघ म्हटलं. स्क्रीनवर उडी झाली. कलली होतीच. आणि गुडघे वाकलेले होते. ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, काही न बोलता परत शिडीकडे गेली. दोन महिने ज्याच्यावर आमचं बिनसलं होतं ते तीन सेकंदांत संपलं, आणि मी एक शब्दही बोलले नव्हते.

त्यानंतर मी हा नियमच केला की मूल स्क्रीनसमोर आलं की आधी त्याने सांगायचं. काय वाटलं. मोठ्या मुलांना मी मार्क द्यायला लावते, खऱ्या स्पर्धेत पंच ० ते १० मध्ये अर्ध्या अर्ध्या मार्काने देतात तसेच. मुलं आधी स्वतःला साडेसहा वगैरे देतात, मग उडी बघतात, मग परत देतात, साडेचार. काही आठवड्यांनी हे दोन आकडे जवळ यायला लागतात, आणि मला वाटतं डायव्हिंगमध्ये मूल शिकतंय याची याहून चांगली खूण नाही, कारण स्पर्धेच्या दिवशी स्क्रीन नसते, तिथे दोन उड्यांच्या मध्ये त्याच्याकडे फक्त स्वतःला काय वाटलं तेवढंच असतं.

यावर संशोधनही झालेलं आहे आणि ते वाचून मला माझ्याच सवयींचा राग आला. १९८४ साली साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघांनी तोवरचे बरेच प्रयोग एकत्र करून मांडलं की प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून माहिती देत राहिलं तर सरावात माणूस छान करतो, पण ती माहिती काढून घेतली की घसरतो, म्हणजे ती कुबडी होऊन बसते. आणि १९९० मध्ये स्विनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कृती संपल्या संपल्या तत्क्षणी निकाल सांगितला तर शिकणं उलट कच्चं राहतं, मध्ये थोडा वेळ गेला, त्यात माणसाने स्वतःची चूक स्वतः अजमावली, तर पक्कं होतं. प्रयोगशाळेतली कामं साधी होती, कोलांट्या नव्हत्या, हे मान्य. पण मी काठावर उभी राहून वीस वर्षं काय करत होते तर मूल पाण्यातून डोकं वर काढायच्या आत ओरडून चूक सांगत होते. आम्हाला तसंच शिकवलं होतं. आवाज जितका मोठा तितका कोच चांगला.

म्हणून आता स्क्रीन रोज चालू नसते. आठवड्यातले दोन दिवस बंदच. चालू असते त्या दिवशीही नवीन उडी शिकणाऱ्याला जास्त वेळा, जुनी उडी पक्की करणाऱ्याला चार-पाच उड्यांनंतर एकदा, किंवा त्याने स्वतः मागितली तर. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुसरी गोष्ट मुलांना बघायला शिकवावं लागतं. सोडून दिलं तर सगळी फक्त शेवट बघतात, पाणी किती उडालं तेवढंच. त्यांचंही चुकीचं नाही, त्यांनी चीनच्या क्वान होंगचानचे व्हिडिओ बघितलेले असतात, टोकियो ऑलिंपिकला वयाच्या १४व्या वर्षी १० मीटर प्लॅटफॉर्मवर ४६६.२० गुण, पाण्यात गेली की नाही कळू नये अशी एंट्री. साहजिकच त्यांना तेच हवं असतं. पण हवेत गेल्यावर शरीराला फिरण्याचा जोर नव्याने मिळवता येत नाही, बोर्ड सोडताना जेवढा घेतला तेवढाच, नंतर गोळा होऊन तो वेगाने वापरायचा किंवा ताणून हळू वापरायचा एवढंच हातात असतं. त्यामुळे पाण्यात तिरकी दिसलेली उडी बहुतेक वेळा बोर्डावरच तिरकी झालेली असते. मी मुलांना सांगते, एंट्री बघू नका, पाय बोर्ड सोडतात ते चित्र बघा. खांदे कुठे आहेत, पायांच्या वर की पुढे? हात वर पोहोचलेत की अजून वाटेत आहेत? हर्डलनंतर, म्हणजे टोकाजवळच्या त्या छोट्या उडीनंतर, बोर्डावर उतरलात तेव्हा बोर्ड खाली चालला होता की वर येत होता? हे शेवटचं तर साध्या डोळ्यांना मला अजूनही दर वेळी पकडता येत नाही आणि स्क्रीनवर शेंबड्या पोराला दिसतं. बोर्ड आपल्या तालात खाली-वर होत असतो, मूल आपल्या तालात उतरतं, दोघांचा ताल जमला नाही की बोर्ड ढकलायच्या ऐवजी धक्का देतो. पूर्वी मी पायांनाच दोष द्यायचे, आता बऱ्याचदा आधी फुलक्रम, म्हणजे बोर्डाखालचा सरकता आधार, सरकवून बघते, हलक्या मुलांना तो कुठे ठेवला तर त्यांना बोर्डाबरोबर थांबता येतं ते त्यांचं त्यांनाच स्क्रीनवर कळतं.

शिवोलीचा एक मुलगा आहे, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. तो सांजावातला मुलगा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २४ जूनला सांजाव असतो, ऐन पावसात, डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून मुलं वाड्यावाड्यातल्या विहिरींत उड्या मारतात. हा पाच वर्षांचा असल्यापासून मारत आलाय. उंचीची भीती नावाला नाही, पहिल्याच दिवशी विचारलं की त्या सगळ्यात वरच्यावर कधी जायचं. पण विहिरीत उडी मारताना खाली बघावंच लागतं, आधीचा बाजूला झाला का, दगड कुठे आहे, कठडा किती लांब आहे, आणि ते बरोबरच आहे, तिथे बघितलंच पाहिजे. ती मान खाली घालायची सवय बोर्डावर आली. मान खाली गेली की खांदे जातात, खांदे गेले की उडी वर जाण्याऐवजी लांब जाते. किती सांगितलं, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ. तो म्हणायचा, घड्याळच बघतोय. स्क्रीनसमोर पहिल्यांदा उभा राहिला आणि उडी बघून एकदम ओरडला, टीचर, हांव सकयल पळयतां! (मी खाली बघतोय!) त्याला खरंच धक्का बसला होता. त्या दिवशी त्याने ती उडी अकरा वेळा मारली.

आणि भीती. इनवर्डचा ग्रुप सुरू केला की भीती येते, पाण्याकडे पाठ करून बोर्डाच्या टोकावर उभं राहायचं आणि बोर्डाच्याच दिशेने फिरायचं. मुलांना वाटतं डोकं आपटणार. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधला अमेरिकेच्या ग्रेग लुगानिसचा व्हिडिओ प्रत्येकाने बघितलेला असतो, रिव्हर्स उडीत (पाण्याकडे तोंड करून उडायचं आणि मागे बोर्डाकडे फिरायचं) डोकं बोर्डाला लागलं, टाके पडले, आणि तरी त्याने सुवर्ण जिंकलं, पण मुलांच्या लक्षात फक्त तो आवाज राहतो. मी त्यांना ‘काही होत नाही’ असं कधी सांगत नाही, कारण होऊ शकतं, ते जगातल्या सर्वांत चांगल्या डायव्हरलाही झालं. पण मी त्यांना बाजूने स्क्रीन दाखवते. एका मुलीची पक्की समजूत होती की ४०१ (इनवर्डमधली साधी उडी) मारताना तिचे केस बोर्डाला घासून जातात. स्क्रीनवर तिने स्वतःच्या डोक्यापासून बोर्डाच्या टोकापर्यंतचं अंतर बघितलं, हाताने मोजायचा प्रयत्न केला, परत उडी मारली, परत बघितलं. तिच्या स्वतःच्या हाताएवढं अंतर होतं. मी शंभरदा सांगितलेलं तिने कधीच धरलं नव्हतं आणि मला ते समजतं, भीती वाटणाऱ्याला दुसऱ्याचा शब्द पुरत नाही. उलटही घडलंय, एका मुलाला आपण खूप लांब जातो असं वाटायचं आणि स्क्रीनवर दिसलं की अंतर खरंच कमी आहे, तेव्हा ती उडी मी त्याच मिनिटाला बंद केली आणि त्याला परत एक मीटरवर नुसत्या उलट्या उभ्या उड्यांवर नेलं. तीन आठवडे. पालकांना आवडलं नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगते. बोर्डाच्या बरोबर बाजूला, काटकोनात, शक्यतो बोर्डाच्या उंचीवर ट्रायपॉड, चौकटीत बोर्डाचं टोक आणि पाणी दोन्ही आलं पाहिजे, आणि मग कॅमेरा हलवायचा नाही. तिरका ठेवला की कललेलं मूल सरळ दिसतं आणि सरळ मूल कललेलं, मग मुलांशी उगाच वाद. पाण्यात शिरताना तीन मीटरवाल्याचा वेग सेकंदाला जवळपास ९ मीटर असतो, १० मीटर प्लॅटफॉर्मवर १४, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. सेकंदाला ३० चित्रं घेतली तर तीन मीटरवाला दोन चित्रांच्या मध्ये फूटभर सरकलेला असतो, त्यामुळे जमलं तर ६० घ्या. पण त्याहून महत्त्वाचं शटर. आपोआपवर ठेवलं तर संध्याकाळी कॅमेरा शटर मंद करतो आणि पाय म्हणजे नुसता पांढरा फराटा, गुडघा कुठाय तेच दिसत नाही. १/१००० वर ठेवलं की फराटा सेंटिमीटरभराचा राहतो. त्याला उजेड लागतो, आणि आमचा सराव संध्याकाळचा, सूर्य समुद्राकडे उतरायला लागला की पश्चिमेकडे तोंड करून ठेवलेल्या कॅमेऱ्यात मूल काळी सावली होतं, म्हणून कॅमेरा पश्चिमेच्या काठावर आणि त्याचं तोंड पूर्वेला. स्क्रीनवरही ऊन येतं, टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आतून काळा कागद लावून टोपी केलीय, तेवढ्याने काम झालं.

वीज मात्र काठावर आणू नका. एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणलेला मी एका ठिकाणी बघितलाय, ओल्या लाद्यांवरून, मुलं अनवाणी. लॅपटॉप, टॅब्लेट, काय असेल ते घरून चार्ज करून आणायचं, बॅटरीवर चालवायचं, संपली की त्या दिवशीचं संपलं.

आणि एक माझ्या हातून झालेलं, ते लिहिते कारण कोणीतरी वाचून सावध व्हावं. सुरुवातीच्या दिवसांत मी मुलाबरोबर स्क्रीन बघत उभी होते, दोघंही अगदी गुंगलो होतो, आणि मागे बोर्डावरून पुढच्या मुलीने उडी मारली, ती मी बघितलीच नाही. पाण्याचा आवाज आला तेव्हा मान वळवली. ती वर आली, व्यवस्थित होती, काही झालं नाही. पण ती पाण्यात गेली तो क्षण माझ्या डोळ्यांनी बघितलेला नाही, आणि ती वर आली नसती तर मला किती सेकंदांनी कळलं असतं हा विचार त्या रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन अशी ठेवली की तिच्याकडे बघणारा मुलगा पाण्याकडे पाठ करून उभा राहतो आणि त्याच्या समोर मी, तोंड पाण्याकडे. बोर्डावर कोणी असेल तर मी स्क्रीनकडे बघत नाही. माझ्या खुणेशिवाय उडी नाही, आणि आधीचा काठाला हात लावेपर्यंत खूण नाही. उडी मला एकदा खरीखुरी बघायला मिळतेच, स्क्रीनवरची मुलाची आहे.

पालकांचा प्रश्न येतो तो रास्त असतो. म्हापशाच्या एका आईने पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन विचारलं, माझी मुलगी स्विमसूटमध्ये असते, हा व्हिडिओ जातो कुठे? मी तिला स्क्रीनसमोर उभं केलं, स्वतःच्या हाताने सगळं बंद करून परत चालू करायला लावलं, म्हटलं शोधा कुठे काही सापडतंय का. गाडगी रिकामी होतात, साठत काही नाही. हे मला या पद्धतीत फार आवडतं, मोबाइलवर शूट केलेलं मात्र कुठेतरी राहतंच, आणि मोबाइल हरवतात, ग्रुपवर जातात. आमच्याकडे साठवायचं बटणच बंद ठेवलंय. स्पर्धेआधी एखादी उडी ठेवायचीच असेल तर पालकांची लेखी परवानगी आणि महिनाभरात पुसायची. त्या आईने नंतर धाकट्यालाही आणलं.

२०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा आमची मुलं पणजीतल्या कांपालच्या पूलवर जाऊन पाण्यातल्या स्पर्धा बघून आली होती, परत आल्यावर आठवडाभर तेच बोलणं. आपल्याकडे समुद्र आहे, नद्या आहेत, विहिरी आहेत, पाण्याला न घाबरणारी पोरं वाड्यावाड्यात आहेत, पण बोर्ड मोजके आणि बोर्डावर वेळ त्याहून मोजका, आठवड्यात चार संध्याकाळी, प्रत्येकी वीस-पंचवीस उड्या. मोठ्या देशांतली मुलं दिवसात जितक्या मारतात तितक्या आमची आठवड्यात. म्हणून मला एकेक उडी वाया जाऊ द्यायची नाही, आणि जुना लॅपटॉप, वेबकॅम आणि ट्रायपॉड यात हे होत असेल तर ते प्रत्येक पूलवर व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. कोणाला लावून बघायचं असेल तर कळवा, भाच्याला घेऊन येईन.

फोंड्याच्या मुलीचं राहिलं. गुडघे सरळ व्हायला साडेतीन महिने लागले, कारण दिसणं एका दिवसात होतं आणि बदलणं नाही. गेल्या मंगळवारी तिने १०३ बी मारली, मी काठावरून बघितली आणि माझ्या मनात आलं, अरेरे, परत गुडघे. ती बाहेर आली, शॅमीने तोंड पुसलं, येऊन उभी राहिली. म्हटलं, बोल. ती म्हणाली, गुडघे चांगले होते, पण मी घाईने उघडले, म्हणून एंट्रीत पाय मागे राहिले. मी काही बोलले नाही. स्क्रीनवर ती बोर्डाच्या टोकाकडे चालत होती. हर्डल, टेक-ऑफ, घडी, पाय रुळासारखे सरळ, आणि मग घाईने उघडलेलं शरीर, पाय मागे.

“बरोबर आहे तुझं,” मी म्हटलं. ती शिडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली, तिच्या पुढे अजून दोघं होते.